सावलीचा तक्ता: मुलांचं मोजमाप लावू की पुस्तकातलं उत्तर?

छात्राध्यापिका, उमरेड रोड

नमस्कार सगळ्यांना. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अध्यापन पद्धती गणित आणि भूगोल. नागपुरातल्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत आंतरवासिता (शिकवण्याचा प्रत्यक्ष सराव) सुरू आहे. शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळी पाचवी ते सातवी, दुपारी आठवी ते दहावी. माझ्याकडे दुपारची आठवी आणि सकाळच्या सहावीचे काही तास आहेत. प्रश्न एका तक्त्याचा आहे, पण त्यात बरंच काही गुंतलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आठवीला भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ शिकवायची होती. पाठ टाचणात साधनं म्हणून आपण पृथ्वीगोल, विजेरी आणि रेखावृत्तांचा तक्ता लिहितो. ते सगळं मी वापरलंच. पण ज्या गावात राहतो त्या गावाची वेळ मुलांनी स्वतः शोधावी असं मनात होतं. नागपूर साधारण ७९°०५' पूर्व रेखावृत्तावर आहे. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०' वरून ठरते. फरक ३°२५'. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पावणेचौदा मिनिटांच्या आसपास. म्हणजे घड्याळात १२ वाजून १४ मिनिटं होतील तेव्हा आपल्याकडे सूर्य दिवसातला सगळ्यात उंच असायला हवा. हे गणित मुलांनी फळ्यावर केलं. मग ते खरं आहे का हे पाहायला आम्ही मैदानात गेलो.

बांबूची काठी, जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच राहील अशी कापलेली. ती उभी करायला वाळू भरलेला तेलाचा जुना डबा. काठी कलली नाही ना हे बघायला दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. खाली एकमेकींना चिकटवलेल्या कार्डशीट. दुपारची पाळी १२ ला भरते, पण आठवीची मुलं पावणेबाराला यायला एका पायावर तयार झाली. २३ सप्टेंबर मुद्दाम निवडला, कारण दिवस आणि रात्र समान असतात हे पुस्तकात नुकतंच वाचलं होतं. सकाळपासून ढग होते, अकरानंतर आभाळ मोकळं झालं.

दर दोन मिनिटांनी एकानं वेळ पुकारायची, एकीनं सावलीच्या टोकाशी टिंब करायचं, दोघांनी पट्टीनं लांबी मोजायची, बाकीच्यांनी वहीत उतरवायची. मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा वर्गात कधी बोलत नाही. त्यानं ओळंबा हातात घेतला तो शेवटपर्यंत कोणाला दिला नाही, आणि दर वेळी टिंब करायच्या आधी "थांबा, काठी बघू द्या" असं म्हणत राहिला. सातआठ टिंबं झाल्यावर एक मुलगी खाली बसून कार्डशीटकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम, सावली तर सरळ रेषेत चालून राहिली." मोठी पट्टी लावून पाहिलं, टिंबं खरंच एका रेषेत होती. मी हे त्यांना सांगितलेलं नव्हतं, पाठ टाचणातही नव्हतं.

आता मुद्दा. वर्गात येऊन मुलांनी आलेख काढला. ११:५० ला सावली ३९.४ सेंटिमीटर होती, मग कमी होत गेली, आणि १२:२२ ला परत ३९.४ झाली. सगळ्यात लहान सावली (३८.७ च्या जवळपास) १२:०२ ते १२:१० च्या दरम्यान कुठेतरी आहे. १२:१४ ला ती वाढायला लागलेली होती. म्हणजे मुलांच्या मोजमापानुसार नागपूरची दुपार १२:०६ च्या आसपास आणि पुस्तकी गणितानुसार १२:१४.

हा आलेख, टिंबांची कार्डशीट आणि खाली मुलांच्या अक्षरातली निरीक्षणं असा तक्ता वर्गात लावायचा माझा विचार आहे. शाळेतल्या विषय शिक्षकांचं म्हणणं असं की उत्तर १२:१४ आहे तर तक्त्यावर १२:१४ च यायला पाहिजे. परीक्षेत तेच विचारतात, आणि भिंतीवर वेगळा आकडा दिसला तर मुलं गोंधळतील. त्यांनी सुबक अक्षरात नवीन तक्ता करायला सांगितलंय. त्यांची काळजी मला समजते. पण मुलांनी स्वतःच्या हातानं मोजलेलं पुसून मी माझ्या हातानं छापील उत्तर लावलं, तर पुढच्या वेळी ती मैदानात कशाला येतील?

दुसरी अडचण भिंतीची. सकाळी त्याच खोलीत सहावी बसते. पंख्याच्या वाऱ्यानं कार्डशीट फडफडतात, चिकटपट्टी डिस्टेंपरचे पोपडे घेऊन खाली येते, आणि कोपरे फाटले की दुपारची मुलं सकाळच्यांना बोल लावतात. कपाटावर आधीच्या छात्राध्यापकांची थर्माकोलची मॉडेलं धुळीत पडून आहेत. माझं काम तिथे जाऊ नये असं फार वाटतं.

तर विचारायचं असं: १) हा आठ मिनिटांचा फरक कशामुळे? मोबाइलची वेळ चुकीची असेल असं वाटत नाही. २) दोन पाळ्यांच्या वर्गात तक्ते टिकवायचे कसे? ३) तुम्ही माझ्या जागी असता तर भिंतीवर काय लावलं असतं?

आकाशदर्शनवाले काका, धरमपेठ

ताई, तुमच्या मुलांनी अगदी बरोबर मोजलं आहे. त्या दिवशी नागपुरात खरी मध्यान्ह १२ वाजून ६ मिनिटांनीच होती. मुलांना माझ्याकडून शाबासकी द्या, ओळंबा धरणाऱ्याला जरा जास्त.

फरक का पडतो ते सांगतो. अंशाला चार मिनिटं हे गणित असं धरून चालतं की सूर्य वर्षभर रोज बरोबर चोवीस तासांनी माथ्याच्या रेषेवर येतो. तसं होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते तेव्हा ती वेगानं जाते, जुलैत लांब असते तेव्हा हळू. शिवाय तिचा आस साडेतेवीस अंश कललेला, त्यामुळे सूर्याची ताऱ्यांमधली वाट विषुववृत्ताशी तिरपी पडते आणि त्याचं पूर्वेकडे सरकणं रोज सारखं भरत नाही. या दोन्ही कारणांनी खरा सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. खगोलशास्त्रात या फरकाला कालसमीकरण म्हणतात. २३ सप्टेंबरला सूर्य साधारण साडेसात मिनिटं पुढे असतो. पावणेचौदातून साडेसात वजा करा, सहा मिनिटं आणि थोडी सेकंदं उरतात. तुमच्या आलेखात तेच आलंय.

म्हणजे १२:१४ हा वर्षभराचा मधला आकडा आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सोळा मिनिटांहून थोडा जास्त पुढे असतो, तेव्हा नागपूरची मध्यान्ह १२ वाजायच्या आधी, ११:५७ ला होते. फेब्रुवारीच्या मध्यावर तो चौदा मिनिटं मागे पडतो, तेव्हा १२:२८ ला. जुलैच्या मध्यावर १२:२० च्या सुमारास. तुमच्या शिक्षकांचं चूक नाही आणि मुलांचंही नाही. दोन्ही आकडे लावा आणि मधली आठ मिनिटं कुठून आली हा प्रश्न तक्त्यावरच लिहून ठेवा.

रेषा सरळ आली त्याचंही कारण तारखेत आहे. विषुवदिनाला सावलीचं टोक दिवसभर पश्चिम-पूर्व सरळ चालतं. इतर दिवशी वक्र होतो. डिसेंबरात परत केलंत तर मुलांना बाक स्पष्ट दिसेल.

आता मोजण्याबद्दल. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, सहा मिनिटांत जेमतेम एक मिलिमीटर. त्यामुळे सगळ्यात लहान सावली नेमकी कधी होती हे डोळ्यांनी पकडणं अवघड जातं. जुनी पद्धत वापरा. काठीच्या बुडाला केंद्र धरून साठ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला शिवेल ती वेळ लिहा, दुपारी आतून बाहेर जाताना शिवेल ती वेळ लिहा. दोन्ही वेळांची सरासरी म्हणजे मध्यान्ह. आणि ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आपल्याकडे शंकूच्या, म्हणजे अशाच उभ्या काठीच्या, सावलीवरून दिशा अशीच काढत आले आहेत. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा लावलात तर पुसट टोकाऐवजी उजेडाचा गोल ठिपका पडतो, त्याच्या मध्याशी टिंब करता येतं. उंची मात्र भोकापर्यंत मोजा.

एक विनंती. २२ डिसेंबरला दुपारी १२:१२ ला सगळ्या वर्गाला मैदानात न्या. त्या दिवशी नागपुरात मध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांच्या जरासाच वर असतो, त्यामुळे प्रत्येकाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. १४० सेंटिमीटर उंच पोराची सावली १३८. जुनी वर्तमानपत्रं जोडून एकमेकांच्या सावल्या आखा. हे पुण्या-मुंबईत इतकं नेमकं जुळत नाही, ती दक्षिणेला आहेत.

दुसऱ्या वर्षाचाच, वर्धा रोड

ताई, मीही तुमच्याच बॅचचा, कॉलेज वेगळं. माझा अनुभव सांगतो. आंतरवासितेत शेरा शाळाही देते आणि मार्गदर्शक प्राध्यापकही. विषय शिक्षकांनी सांगितलेला सुबक तक्ता करून टाका, त्याला एक संध्याकाळ पुरते. तो फळ्याशेजारी लावा. मुलांचा तक्ता मागच्या भिंतीवर. फाइलमध्ये दोन्हींचे फोटो. वाद घालण्यात तुमचेच दिवस जातील, आणि त्या शिक्षकांच्या सहकार्याशिवाय पुढची मैदानातली तासिका मिळणार नाही. मी असंच करतो आणि मला ते गैर वाटत नाही.

थर्माकोल मात्र घेऊच नका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीसाठी त्याच्यावर बंदी आहे. तरी काही दुकानांत मिळतं.

काटोलची बाई

मी काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाचवी-सहावी एकत्र बसवावी लागते, म्हणून भिंतीची ओढाताण मला चांगली ठाऊक आहे.

भिंतीला काही चिकटवूच नका. कापड घ्या. अस्तराचं जाड कापड, वरखाली बांबूच्या चिपा घालून शिवून घ्यायचं, गुंडाळी फळ्यासारखं. खिडकीच्या गजांना दोन सुतळ्या बांधल्या की टांगता येतं, तास संपला की गुंडाळून कपाटात. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे खिसे शिवून घ्या. कार्डशीट कापून खिशात घातली की ना फाटत ना फडफडत, आणि आतला कागद बदलता येतो. हा बदलता येण्याचाच खरा फायदा. एकदा लावलेला तक्ता पोट्टे आठ दिवस बघतात, नवव्या दिवसापासून तो त्यांच्यासाठी भिंतच असते. खिशातला कागद बदलला की वर्गात येताच आधी तिकडे धावतात.

दुसरं म्हणजे सकाळची सहावी. तुमच्या लिहिण्यात ती फक्त तक्ता फाडणारी दिसते. त्यांचा त्या तक्त्यात काही वाटा आहे का? काकांनी वर्तुळाची पद्धत सांगितली त्यात सकाळचा बिंदू हवा. तो दुपारच्या पाळीला मिळणारच नाही! सहावीला घेऊ द्या ना. सकाळचं टिंब त्यांचं, दुपारचं आठवीचं. मग बघा कोण हात लावतं.

आणि सहावीला अपूर्णांक असतील तर संत्र्यावर करा. आंबिया बहाराची संत्री येतीलच आता, आमच्याकडे तर दारात असतात. मी प्रत्येक गटाला एक संत्र देते. सोलायच्या आधी अंदाज लिहायचा, किती फाका निघतील. कोणाच्या दहा निघतात, कोणाच्या अकरा, कोणाच्या बारा. पुस्तकातल्या भाकरीचे चार सारखे तुकडे होतात, त्यामुळे पोट्ट्यांना वाटतं अपूर्णांक म्हणजे नेहमी सोपंच वाटप. इथे अकरा फाकांचं अर्धं करायला सांगितलं की गट गप्प होतो. साडेपाच फाका? फाक मधून चिरायची? एका गटानं दहा फाकांतल्या तीन आणि दुसऱ्यानं बारातल्या तीन ठेवल्या, जास्त कोणाकडे? तीन तर दोघांकडे आहेत. इथे छेद म्हणजे काय ते कळतं. माझ्याकडची एक पोट्टी म्हणाली, "बाई, वरचा आकडा सारखा असला तरी खालचा विचारावा लागते." मी तेच वाक्य तिच्या अक्षरात कार्डशीटवर लिहून घेतलं, खाली वाळवलेली साल चिकटवली. माझ्या वर्गातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा तक्ता तो आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मुलांचं लावा. कापडाची मापं काय घेतलीत ते नंतर कळवा, मलाही नवीन शिवायचंय.

निवृत्त अध्यापक, महाल

ताई, मी बरीच वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवलं. छात्राध्यापकांच्या शैक्षणिक साधनांना गुण देण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून लिहितो.

आपल्या पद्धतीत एक अडचण आहे. साधन पाठाच्या दिवसापुरतं होतं. निरीक्षक येतात, तक्ता टांगला जातो, गुण मिळतात, तक्ता कपाटावर जातो. छात्राध्यापक रात्र रात्र जागून रंगवतात आणि मुलांचा त्यात हात लागलेला नसतो. तुमच्या तक्त्यात मात्र मुलांचे हात आहेत, म्हणून तुम्ही त्यासाठी आग्रह धरावा असं मला वाटतं. वर दुसऱ्या वर्षाच्या मित्रानं सांगितलेला मार्ग व्यवहाराचा आहे, पण दोन तक्ते दोन भिंतींवर गेले तर छापील आकडा खरा आणि मुलांचा आकडा खेळ, असाच अर्थ मुलं काढतात. काकांनी सुचवल्याप्रमाणे दोन्ही आकडे एकाच तक्त्यावर असू द्या.

हातानं करत शिकण्याचा विचार आपल्या दारातला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. त्यातून झाकिर हुसेन यांची समिती आणि नई तालीमची योजना आली. नागपूरहून सेवाग्राम दोनेक तासांच्या अंतरावर आहे, आठवीच्या सहलीला योग्य. त्या विचारात चरखा आणि शेत यांच्यासोबत सुताची लांबी, वजन, उत्पन्न यांचा हिशेब मुलांनीच ठेवायचा होता. हाताचं काम आणि त्याची नोंद यांची फारकत तिथे नव्हती. तुमची पट्टी धरणारी मुलं आणि वहीत उतरवणारी मुलं तेच करत होती.

भिंतीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०१४ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत दिले आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ उडालं, सुमारे ३९ टक्के वेळ, मोकळ्या खोलीत २८ टक्के. शिकलेलंही कमी राहिलं. मुलं लहान होती, आठवीला ते जसंच्या तसं लावू नका. पण परीक्षक म्हणून मी पाहिलेल्या खोल्यांत सुविचार, राष्ट्रीय प्रतीकं, पाढे, ऋतुचक्र असं सगळं एकाच वेळी टांगलेलं असे, आणि मूल कशाकडे बघतंय ते कळत नसे. काटोलच्या ताईंनी कापडाचं आणि खिशांचं सुचवलं त्यात भिंत मोकळी राहते, हे मला फार आवडलं. जो पाठ चालू आहे तेवढंच समोर.

विषय शिक्षकांशी बोलताना आलेख घेऊन बसा. ११:५० आणि १२:२२ ला सावली सारखी होती हे एकच वाक्य पुरे. भूगोल शिकवणारा माणूस ते नाकारणार नाही.

छात्राध्यापिका, उमरेड रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडा उशीर झाला, कारण आधी करून बघायचं होतं.

काकांनी लिहिलेलं कालसमीकरण मी विषय शिक्षकांना आलेखासह दाखवलं, महालच्या सरांनी सांगितलं तसंच. ११:५० आणि १२:२२ चे आकडे त्यांनी स्वतः वहीतून तपासले, दोन मुलांच्या वह्या मागवून जुळवले. मग म्हणाले, तक्त्यावर १२:१४ चं गणित वर येऊ द्या, खाली मोजमाप आणि मधे कारण. परीक्षेला कोणतं उत्तर लिहायचं ते मी वर्गात सांगतो. ते त्यांनी सांगितलंही, आणि फेब्रुवारीत १२:२८ येते का ते आपण बघू असंही मुलांना म्हणाले. फेब्रुवारीत मी त्या शाळेत नसेन, म्हणून हे त्यांच्या तोंडून आलं याचा मला जास्त आनंद आहे.

सप्टेंबरच्या ३० तारखेला वर्तुळाची पद्धत केली. काटोलच्या ताई, तुमचं म्हणणं ऐकून सकाळचं काम सहावीला दिलं. साठ सेंटिमीटरचं वर्तुळ सुतळी आणि खडूनं त्यांनीच काढलं. भोकाचा पुठ्ठाही लावला. ठिपका वर्तुळाला १०:४३ ला शिवला. सहावीनं टिंबाशेजारी वेळ लिहिली आणि १२ ला घरी जायच्या आधी आठवीच्या मुलांना डबा, काठी आणि वर्तुळ ताब्यात दिलं. हलवायचं नाही, असं तीनतीनदा बजावून. शाळेच्या फाटकाशी दोन्ही पाळ्या रोज एकमेकींना ओलांडतात, पण बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. दुपारी १:२६ ला ठिपका बाहेर पडला. सरासरी १२:०४ आणि तीस सेकंद. काका, तुमच्या हिशेबानं त्या दिवशी सूर्य दहा मिनिटं पुढे, म्हणजे १२:०४ च्या आत थोडं यायला हवं होतं. मिनिटभराच्या आत आहोत. आठवीतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही बिंदूंमधून रेषा ओढून मैदानात पूर्व-पश्चिम आखली आणि वर्गाच्या दाराची भिंत तिच्याशी किती अंश तिरपी आहे ते कोनमापकानं काढलं. हे मी सांगितलेलं काम नव्हतं.

तक्ता आता दोन्ही पाळ्यांचा आहे, खाली "निरीक्षण: इयत्ता सहावी आणि इयत्ता आठवी" असं लिहिलंय. अजून एकही कोपरा फाटलेला नाही.

सहावीसाठी संत्र्याचं करणारच आहे, बाजारात चांगली संत्री आली की लगेच. तोवर त्यांच्याकडून नागपुरातल्या झिरो माइलच्या, म्हणजे अंतरं मोजायच्या जुन्या खुणेच्या, खांबाशेजारच्या दगडावरची अंतरं घेऊन एक काम केलं. जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल. मुलांनी मैलाचे किलोमीटर केले, मग नकाशावर प्रमाण लावून तेवढ्या लांबीचे लोकरीचे धागे कापले आणि नागपूरच्या टाचणीपासून ताणून बघितले. हैदराबादचा धागा शहराच्या टाचणीपुढे गेला. "रस्ता सरळ नसतो मॅडम, वळणं घेते," हे उत्तर ज्यानं दिलं त्याचे वडील ट्रक चालवतात.

वर्धा रोडच्या दादा, दोन तक्ते केले नाहीत, पण शिक्षकांचं सहकार्य लागतं हे तुमचं म्हणणं खरं होतं. त्याच्यामुळेच मी वाद न घालता वह्या घेऊन गेले.

ताई, मापं विचारली होती. बाबांचं शिलाईचं दुकान आहे, त्यांनी शिवून दिलं. कापड तीन फूट रुंद, साडेचार फूट लांब. खिसे आडव्या तीन ओळींत, प्रत्येक ओळीत दोन, कार्डशीटचा चौथाई तुकडा सैल बसेल एवढे. खिशाचं तोंड वर ठेवू नका, बाजूला ठेवा, नाहीतर खडूची धूळ आत साचते. खालची चीप वरच्यापेक्षा जाड घ्या, म्हणजे पंखा लावला तरी कापड ताणलेलं राहतं. सुतळीऐवजी पडद्याच्या कड्या शिवल्या आहेत, गजाला अडकवायला सहावीतल्या पोरांनाही जमतं.